पिवळा ठिपका

पडद्यावर पंचवीस ठिपके होते: बावीस हिरवे, दोन लाल आणि एक पिवळा. पिवळा म्हणजे उत्तर बरोबर, पण अंदाजानं दिलेलं, म्हणून शून्य गुण. परीक्षेत कपाळाला लावलेल्या, खात्री मोजणाऱ्या पट्टीनं तसं ठरवलं होतं. वेदश्रीचे गुण अठ्ठ्याऐंशी झाले होते आणि गणित शिबिराला नव्वद लागत होते.

“मी अंदाज मारला नाही, सर,” ती केंद्रप्रमुख घोडकेंना म्हणाली. “पाच सलग संख्यांचा गुणाकार ओळखायचा होता. ५५,४५२ च्या शेवटी शून्य नाही. ५५,४३० ला तीननं भाग जात नाही, ५५,४७० ला चारनं. मग ५५,४४०च उरते.”

“चारही पर्याय चाचपत बसलीस, म्हणजे खात्री नव्हतीच. पट्टी एकेचाळीस टक्के दाखवतेय. साठ लागतात.”

“तपासून पाहिलं म्हणून शून्य?” तिनं टेबलावरची पट्टी सरांपुढे सरकवली. “डोळे झाकून ठोकून दिलं असतं तर चाललं असतं. तुम्हीच लावा ना पट्टी. बघू या.”

“अगं, तीस वर्षं गणित शिकवलंय मी.” घोडकेंनी हसत पट्टी चढवली.

तिनं तसलाच दुसरा प्रश्न उघडून दिला. सरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच बोट टेकवलं.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

घोडके: खात्री अठ्ठ्याण्णव टक्के, उत्तर चूक.

वेदश्री: गुण अठ्ठ्याऐंशी, अपात्र.