यजमान

विसालने कॉफीचा कप ओठांना न लावता समोरच्या स्टुलावर ठेवला.

घरमालकीण उम्म गालिब यांनी ते पाहिलं. पाहिलं, आणि मांडीवरच्या परातीतलं पुढचं हिरवं ऑलिव्ह उचलून दगडाने ठेचलं. मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी अशी तशीच ठेवतो आणि यजमान 'पी, तुझं काम झालं' म्हणेपर्यंत तिला हात लावत नाही, हे सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, शेंबड्या पोरालाही ठाऊक. विसालचं मागणं काही लपलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भाड्याने. त्यांची किल्ली कपांशेजारीच पडली होती.

"घे ना पोरी, गार होतेय," उम्म गालिब म्हणाल्या. नेमके ते शब्द टाळून.

"होऊ दे, खाला."

विसालचे वडील, हाजी मुफलिह, खिडकीपाशी लोडाला टेकून बसले होते. इथं नाऊरला येताना बसमध्ये तिने त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बाबा, तिथं तुम्ही बोलायचं नाही. नुसतं हसायचं." ते हसत होते. अम्मानमधली जागा त्यांना शुक्रवारी सोडायची होती, कारण म्हातारा शेजाऱ्यांची दारं आपलीच समजून उघडायचा आणि आत जाऊन बसायचा. ते इथं कळलं असतं तर ह्याही खोल्या गेल्या असत्या. आपला कप मात्र त्यांनी केव्हाच रिकामा करून, 'पुरे' म्हणून दोन बोटांत हलवून, खाली ठेवला होता.

"हाजींचं काही मागणं दिसत नाही," उम्म गालिब म्हणाल्या.

"त्यांना कॉफी फार आवडते." विसाल घाईने पुढे म्हणाली, "अंगण मी झाडीन, खाला. ऑलिव्ह उतरवायला हाताशी येईन. सीमेपलीकडे, आमच्या हौरानात आम्ही तेच करायचो."

"हात दिसतात तुझे. कामाचे आहेत."

उम्म गालिब यांनी दगड बाजूला ठेवला, ओढणीच्या टोकाला हात पुसले आणि आपला कप उचलला. आता त्या ते शब्द म्हणणार, असं विसालला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. कुवेतहून मुलगा बोलत होता. कप परत स्टुलावर गेला.

"हो, समोरच बसलेत... नाही रे, दोघंच. बाप आणि लेक... म्हातारा आहे, हो... ऐकतेय मी, गालिब. बरं. बरं."

फोन ठेवल्यावर उम्म गालिब कपाला हात लावीनात.

"तो नको म्हणतो. राग धरू नकोस, पोरी. म्हातारं माणूस, त्यात परमुलखातलं. उद्या काही बरंवाईट झालं तर पुरायचं कुठं, धावपळ कुणी करायची?"

"बाबा ठणठणीत आहेत, खाला."

"शंभर वर्षं जगोत. पण घर त्याच्या नावावर आहे. मी इथं नुसती राहते."

विसाल उठली. उंबऱ्याजवळचे वडिलांचे बूट आणून ती त्यांच्या पायाशी बसली.

"निदान कॉफी तरी पिऊन जा," उम्म गालिब म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, कपाकडे बघत होत्या.

"नको, खाला. पोट भरलंय."

एका बुटाची नाडी बांधून झाली तेव्हा हाजींनी दुसरा पाय मागे घेतला. लेकीच्या डोक्यावरून ते स्टुलाकडे बघत होते.

"हे काय चाललंय? पाहुणीचा कप भरलेला, आणि तू मला कुठं नेतेस?"

"बाबा, चला."

"थांब जरा. माझ्या बैठकीतून आजवर कुणी असं उठून गेलेलं नाही." त्यांचा आवाज एकाएकी भरला, चारचौघांत बोलायची सवय असलेल्या माणसाचा झाला. ते उम्म गालिबकडे वळले. "बहिणी, कॉफी का ठेवलीस? काय हवंय तुला? सांग, लाजू नकोस."

उम्म गालिब यांनी विसालकडे पाहिलं. विसालने मान वर केली नाही. लपवायचं ते सगळं आता उघड्यावर आलं होतं.

"राहायला जागा हवी ना? चेहऱ्यावरून कळतं. माणसं किती तुम्ही?"

"मी... मी एकटीच आहे, हाजी."

"एकटी." हाजींनी हळू मान हलवली. "मग त्यात विचारायचं काय? खालच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. हिवाळा काढ, पुढचं पुढं बघू. माझी पोरं कुरकुर करतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. घर अजून माझं आहे." त्यांनी स्टुलावरची किल्ली उचलली, उम्म गालिब यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. "पी. तुझं काम झालं."

मग लहानपणापासून शिकवलेलं असतं तसं उम्म गालिब यांनी कप उचलला. गार कॉफी एका दमात संपवली, दोन बोटांत कप हलवला.

"देव तुमचं घर सदा भरलेलं ठेवो, हाजी," त्या म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी नेलं.

"हां. आता कसं," हाजी म्हणाले, आणि समाधानाने दुसरा पाय लेकीपुढे केला.

विसालच्या हातात बूट होता. हा घालायचा, की पहिलाही काढायचा, ते तिला कळेना. तिने मान वर केली. उम्म गालिब किल्लीवरची मूठ तशीच मिटून बसल्या होत्या.