बाईंची कवळी

"तोंड उघड गं सोनुले," म्हणत नव्या नर्सने खाटेवरच्या म्हातारीची कवळी काढून वाटीत ठेवली. म्हातारी निवृत्त मुख्याध्यापिका; तिला नवरासुद्धा चारचौघांत 'बाई' म्हणायचा. "आई, रागावू नकोस," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "प्रेमानं म्हणतात त्या. अहो-जाहो केलं की माणूस परका वाटतो." 'परक्यानं परक्यासारखंच बोलावं,' असं बाईंना ठणकावून सांगायचं होतं. पण दातांविना शब्द नुसतेच फुसफुसले आणि हनुवटीवर लाळ ओघळली. "अगंबाई, बोबडं बोलतंय माझं पिल्लू!" नर्सने गालगुच्चा घेतला. लेकही खळखळून हसली. बाईंनी कवळीसाठी हात पुढे केला. नर्सने वाटी उंच फळीवर सरकवली. "आता कशाला ती? जेवण पातळच आहे, आणि बोलायला आम्ही आहोत की." त्यानंतर बाई कुणाशीच बोलल्या नाहीत. "किती शहाणी झाली आमची आई!" लेक सगळ्यांना सांगू लागली.