गदेचे दोन मालक

"खरं सांगा रंगराव, त्या कुस्तीत तुम्हाला पाडलं कुणी?" तालीम संघाच्या सेक्रेटरीनं विचारलं. जिल्ह्याच्या जोडी-कुस्तीचा इतिहास छापायचा होता आणि एवढं एकच वाक्य अडलं होतं.

जोतिराम पैलवानानं कान टवकारले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार हिंदुराव बसला होता. चाळीस वर्षांपूर्वी चांदीची गदा दोघांनी मिळून जिंकली, पण 'रंगरावाला मीच पाडलं' म्हणून दोघंही अडून बसले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. गदा सहा-सहा महिने एकेकाच्या घरी राहायची. ने-आण बायका करायच्या.

रंगराव मिशीत हसला. "कुणीच नाही. माझा मीच घसरलो."

"लबाडा!" जोतिरामच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तरीतला गडी धोतर खोचून धावला, पण चार पावलांत दम लागला. जोडी-कुस्तीत दमलेल्यानं मागे हात करायचा, भिडूनं त्यावर थाप देऊन आत उतरायचं. सवयीनं त्याचा हात मागे गेला.

तीच जुनी, हाडं हलवणारी थाप पडली. बाह्या सारत हिंदुराव पुढे झाला. "बस तू. याला मी बघतो."