सहावं गाणं

तीन हजार लिटरचा टँकर यायचा होता. खडूच्या रेघेअलीकडे आमच्या गल्लीच्या दोनशे घागरी होत्या, म्हणजे प्रत्येकीला पंधरा लिटर. रेघेपलीकडे शेजारच्या वस्तीच्या पन्नास. रेघ शरणप्पामामांनी ओढली होती. "आपला उदगीर लातूरपासून येगळा जिल्हा झाला समजा. तुम्ही लातूरला जाऊन पाणी मागा," असं ते वस्तीवाल्यांना हसत म्हणाले होते.

वाट बघताना मी मोबाइलवर माझ्या आवडत्या गायिकेचा नवा अल्बम लावला. नऊ गाणी, पाच भाषा, आणि प्रत्येक भाषेत ती तिथलीच वाटत होती. सहावं गाणं कानडी निघालं. सगळी रांग माझ्या मोबाइलकडे वळली.

"मामा, काय म्हणते ओ ही?"

घरी कानडी बोलणारे मामा खुशीत सांगू लागले, "लई भारी हाय पोरी. म्हणते, रेघ ओढणाऱ्या दादा..." आणि थांबले. "पुढचं न्हाई कळलं."

"मला कळलं की," रेघेपलीकडून वस्तीवरची नागम्मा म्हणाली. तिच्याही घरी कानडीच. "म्हणते, रेघ ओढणाऱ्या दादा, तुझी तहान काय येगळी हाय का?"

मामांनी चपलेनं रेघ पुसली. "पुन्हा लाव गं ते गाणं."

त्या दिवशी प्रत्येक घागरीत बारा लिटर पाणी आलं.