आलेच हं

जुन्या विनोदी मालिकांतल्या चुका काढण्यात प्रमिलाकाकींचा हात धरणारं अख्ख्या पावस गावात कुणी नव्हतं. चहाचा कप डाव्या हातातून उजव्या हातात कसा गेला, भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटांत तासभर पुढं कसं सरकलं, सगळं त्या सुनेला ऐकवत. सून, मृणाली, मोबाइलमधून डोकं वर काढत नसे.

त्या रविवारी दुपारी मात्र काकींना वेगळीच चूक सापडली. मालिकेतली थोरली मुलगी सातव्या भागात "आलेच हं" म्हणून जिना चढून गेली, ती खाली आलीच नाही. आठव्या भागापासून घरात दोनच मुलं. आईसुद्धा तिचं नाव घेईना. दर वाक्याला न दिसणाऱ्या प्रेक्षकांचा हशा मात्र पिकतच होता.

"वर गेलेल्या पोरीची कुणी चौकशीसुद्धा केली नाही गो," काकी म्हणाल्या.

"तिच्यावाचून कुणाचं अडलं नसेल," मृणाली म्हणाली. "जेवायला बसायचंय. माडीवरची आमसुलं तेवढी आणा."

काकींनी टीव्ही बंद केला. "आलेच हं," म्हणून त्या जिना चढल्या.

आमसुलं ओंजळीत घेऊन वळतात तोच खाली ताटं वाजली.

"किती घेऊ?" मुलाचा आवाज.

"चार. रोजच्यासारखी."

मुलगा, सून, दोन नातवंडं. काकी घाईघाईनं जिन्याच्या तोंडाशी आल्या. "अरे संजू, मी राहिले की रे."

खाली हशा पिकला. टीव्ही बंद होता, घरात माणसं चार, आणि हसणारी शंभरेक तरी असावीत.