सरांची चिमूट

सर गेले आणि जखमेच्या पट्टीसाठीचा धागा रुसला. विजेच्या जोरावर सुईतल्या द्रावणाचा केसाहून बारीक तंतू निघायचा, त्यावर आता नुसते मणी येत. सरांच्या वहीत सगळं काटेकोर, फक्त मिठापुढे ‘एक चिमूट’. त्यांच्या विद्यार्थिनीला ती चिमूट काही जमेना. शेवटी तिने सरांच्या बायकोला, काकूंना, प्रयोगशाळेत आणलं.

“घरी भाजीतही मीठ ते स्वतःच घालायचे. माझा हात खारट म्हणे! शेवटी त्यांच्यासारखी चिमूट धरायला शिकले,” म्हणत काकूंनी वजनकाट्यावर चिमूटभर मीठ सोडलं.

ते द्रावणात विरघळलं आणि पांढराशुभ्र तंतू अखंड निघाला. काकूंनी डोळे पुसले.

“उद्याही लागेल का गं माझी चिमूट?”

विद्यार्थिनीने काट्यावरचं वजन तळहातावर लिहून घेतलं होतं. मूठ मिटून ती म्हणाली, “रोजच लागेल, काकू.”