पेटीतली पेटी
मालवाहू यानाचं दार उघडताच खाणीचा मुकादम कपाळावर हात मारून ओरडला, "अहो, खनिज भरायला पेट्या मागवल्या होत्या, वाजवायच्या नव्हे!" अकरा वर्षं तारे तुडवत आम्ही या ग्रहावर दोनशे हार्मोनियम आणल्या होत्या. माल नाकारला तर आमचा परवाना गेलाच. मी बायकोकडे पाहिलं. ऑर्डर तिनेच घेतली होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, प्रत्येक पेटी भक्कम पेटीत घालूनच आणलीय. बाहेरच्या तुम्ही ठेवा, आतल्या आम्ही नेतो." मुकादमाने रिकाम्या पेटीवर चढून दोन उड्या मारल्या. ती कुरकुरलीसुद्धा नाही. त्याने खुशीत सही ठोकली. यान उडालं तशी बायकोने एक हार्मोनियम पुढ्यात ओढली. "ऑर्डर नीट ऐकू आली नव्हती का गं?" "स्वच्छ आली होती. लग्नापासून एक पेटी मागतेय, घेऊन दिलीत?" मी मुकाट्याने भाता धरला.